माळरानावरील चित्रकार : टर्नर

चित्र काढावयास सांगितलें म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें प्रथम रंगाची पेटी शोधूं लागतात. पेटी घरीं राहिली असेल तर त्या दिवशीं चित्र निघणें नाहीं, असा त्यांचा ठाम समज! प्रकाश व रंग यांचा बादशहा म्हणून ज्याची जगांत ख्याति आहे, तो इंग्लिश चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर हा मात्र देखावे टिपण्यास निघतांना बहुधा शिसपेन्सिल व खिशांत मावेल अशी वही यांवरच भिस्त ठेवीत असे. त्याच्या आयुष्यांतील एक भिजलेला उन्हाळा आज आम्ही वाचकांस मुद्दाम सांगणार आहोंत. परंतु तत्पूर्वीं त्याच्या कुळाची थोडी माहिती देणें अवश्य आहे.

टर्नरचा जन्म सन १७७५ मध्यें लंडन शहरांत, कॉव्हेंट गार्डन बाजाराजवळच्या एका अरुंद गल्लींत झाला. बाप न्हावी, दाढ्या करणें व केसांचे टोप तयार करणें हा त्याचा धंदा. मुलानें काढलेलीं चित्रें हा बाप मोठ्या कौतुकानें दुकानाच्या खिडकींत टांगी व थोड्याशा शिलिंगांस विकी. आई मनोविकारानें पीडलेली होती; १८०० सालीं तिला वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें व पुढें चार वर्षांनीं ती वारली. अशा घरांतील हा मुलगा चौदाव्या वर्षीं रॉयल अकॅडमीच्या शाळेंत दाखल झाला, आणि वयाचीं सत्तावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १८०२ मध्यें, त्या संस्थेचा पूर्ण सभासद झाला. टोप घालण्याची रीत मागें पडून बापाचा धंदा बसला, तेव्हां म्हातारा मुलाकडे येऊन राहिला. कॅनव्हास ताणून देणें, तयार चित्रांस वार्निश लावणें, हीं कामें तो करी. १८२९ सालीं तो मरण पावला तोंपर्यंत या बापलेकांची जोडी फुटली नाहीं.

उन्हाळा आला कीं टर्नर लंडन सोडी. काठीच्या टोंकाला गांठोडें अडकवून तो दिवसाला वीस-पंचवीस मैल सहज चालत असे. १७९७ सालीं तो प्रथम इंग्लंडच्या उत्तर भागांत गेला व यॉर्कशायरच्या उंच माळरानांशीं त्याची ओळख झाली. इंग्लिश लोक या माळरानांस मूर म्हणतात. आमच्याकडील घाटमाथ्यावरील सडे ज्यांनीं ऐन पावसाळ्यांत पाहिले असतील त्यांस मूरची थोडीफार कल्पना करतां येईल. झाड जवळजवळ नाहींच. दृष्टि पोंचेल तेथवर हेदर नांवाचीं खुजीं झुडपें व गवत. आणि पायाखालीं शतकानुशतकें कुजलेल्या वनस्पतींची काळी, पाणी धरून ठेवणारी माती. डोळ्यांस अडथळा असा कसलाच नाहीं. अर्धें चित्र आकाशच व्यापतें.

या प्रांतांत व्हार्फ नदीच्या खोऱ्यांत फार्न्ली हॉल नांवाचा वाडा आहे. त्याचा धनी वॉल्टर फॉक्स हा यॉर्कशायरच्या वतीनें पार्लमेंटांत बसलेला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेला, उदार मनाचा गृहस्थ होता. जमीनदार व न्हाव्याचा मुलगा यांची अशी मैत्री त्या काळीं क्वचितच आढळे. फॉक्सचा मुलगा हॉक्सवर्थ यानें वृद्धपणीं सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. १८१० च्या सुमारास एके दिवशीं समोरच्या शेव्हिन टेकडीवर भयंकर वादळ उठलें. टर्नर दारांत उभा राहून एका पत्राच्या कोऱ्या पाठीवर ढगांचे आकार व त्यांचे रंग भराभर टिपूं लागला. मुलानें चांगला कागद आणून देऊं केला. पण तेवढी सवड कोणास होती? वादळ सरल्यावर त्यानें मुलास सांगितलें कीं, दोन वर्षांनीं हें तुला पुन्हां दिसेल. १८१२ सालीं अकॅडमीच्या प्रदर्शनांत हॅनिबलचें सैन्य हिमवादळांत आल्प्स पर्वत ओलांडतांना दाखविणारें टर्नरचें भव्य चित्र लागलें. त्यांतील आभाळ यॉर्कशायरचें होतें!

आतां तो भिजलेला उन्हाळा. सन १८१६ मध्यें यॉर्कशायरच्या एका मोठ्या इतिहासग्रंथाकरितां १२० चित्रें काढण्याचें काम टर्नरकडे आलें. मोबदला ३,००० गिनी ठरला. जुलै महिन्यांत तो फार्न्लीहून निघाला. पहिले कांहीं दिवस फॉक्स मंडळी बरोबर होती, पुढें तो एकटाच. त्या वर्षीं युरोपांत उन्हाळा म्हणून आलाच नाहीं. १८१५ च्या एप्रिलांत, हल्लीं इंडोनेशियांत असलेल्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्यानें आकाशांत उडविलेल्या धुळीनें व वायूंनीं पृथ्वीवरील ऊन मंद झालें, पिकें कुजलीं. हें कारण त्या काळीं कोणासही ठाऊक नव्हतें. टर्नरला दिसत होता तो नुसता पाऊस.

टीस नदीच्या खोऱ्यांतून पश्चिमेस ॲपलबीकडे जातांना तर कमाल झाली. वाट लांबची म्हणून घोडा घेतला होता. पण माळावरील दलदलींत घोडा व स्वार दोघेही रुतले. ११ मैल जाण्यास ९ तास लागले. धडधाकट मनुष्य कोरड्या रस्त्यानें एवढें अंतर चार तासांच्या आंत चालतो. वेदरकोट येथील गुहेंत पूर्वीं तो तळापर्यंत उतरला होता; या खेपेस तिच्यांत इतकें पाणी भरलें होतें कीं उतरण्याची सोयच नव्हती. मग त्यानें ती अर्धी भरलेली गुहाच वरून पाहून काढली. दुसरा एखादा कोरड्या दिवसाची वाट पाहत खाणावळींत बसला असता.

या फेरींत त्यानें चारशेंहून अधिक रेखाटनें केलीं, आणि तीं पेन्सिलीनें. रंगाचें एक चित्र होईल तेवढ्या वेळांत पेन्सिलीचीं पंधरा-सोळा होतात, असा त्याचा रोखठोक हिशेब असे. टेकडीची कड, पुलाची कमान, घळीची वळणें वहींत उतरत. ऊन-पाऊस व रंग बहुतेक स्मरणांत राहत, आणि लंडनला परतल्यावर जलरंगांत प्रकट होत. ज्या ग्रंथासाठीं हा खटाटोप केला तो मात्र अर्धवट राहिला. १२० चित्रांपैकीं सुमारें वीसच कोरून छापलीं गेलीं. वीसांपैकीं प्रत्येकांत आभाळ निराळें आहे.

पुढें १८३६ च्या सुमारास व्हाइट नांवाच्या एका लेफ्टनंटच्या रेखाटनांवरून टर्नरनें हिमालयाचे कांहीं देखावे रंगविले. हिंदुस्थानांत तो कधींच आला नव्हता. चित्रें सुबक आहेत. तथापि त्या डोंगरांवर चित्रकाराचे स्वतःचे पाय चाललेले नाहींत, हें आम्हांस तीं पाहतांना जाणवल्यावांचून राहिलें नाहीं.

टर्नरमध्यें दोष नव्हते असें नाहीं. पैशाच्या बाबतींत तो घट्ट असे, बोलणें तुटक, आणि अकॅडमींतील त्याचीं व्याख्यानें पुष्कळदां कोणास नीट ऐकूंच येत नसत. त्यानें विवाह केला नाहीं. त्याच्या खासगी वर्तनाविषयीं शालेय अंकांत अधिक न लिहिणें बरें. परंतु मैत्रीच्या बाबतींत तो हळवा होता. १८२५ सालीं वॉल्टर फॉक्स वारला. त्यानंतर टर्नरनें फार्न्लीस पुन्हां पाऊल ठेविलें नाहीं. तीं माळरानें त्याला पारखीं झालीं.

१९ डिसेंबर १८५१ रोजीं तो लंडन येथें निवर्तला व सेंट पॉलच्या मंदिरांत त्याला पुरण्यांत आलें. त्याच्या मागें राष्ट्राच्या ताब्यांत आलेलीं रेखाटनें व जलरंगचित्रें हजारोंनीं मोजावीं लागलीं. यॉर्कशायरच्या त्या वह्याही त्यांत आहेत. वादळाच्या दिवशीं कागद घेऊन आलेला हॉक्सवर्थ आतां फार्न्लीचा धनी झाला होता. मित्र येत नाहीं म्हणून त्यानें कधीं राग धरला नाहीं. टर्नरच्या अखेरच्या वर्षांपर्यंत नाताळच्या सुमारास फार्न्लीहून लंडनला हंसाच्या मांसाची मोठी पाय जात असे, आणि म्हातारा चित्रकार आपल्या वेड्यावांकड्या अक्षरांत तिची पोंच पाठवीत असे.