टॉमी फ्लॉवर्स

जुना रेडिओ किंवा ध्वनिवर्धक उघडून पाहिला, तर आत काचेच्या लहान लहान नळ्या उभ्या केलेल्या दिसतात. यंत्र चालू करताच त्या हळूहळू तांबूस प्रकाशू लागतात आणि क्षीण आवाज मोठा होऊन ऐकू येतो. ह्या नळ्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. व्हॉल्व्ह हा फार नाजूक. त्यातील तार तुटली की तो निकामी होतो आणि बदलावा लागतो. काचेवरचा आकडा पुसला गेला असेल, तर तळाच्या काड्या मोजून व आतील पत्र्यांची ठेवण न्याहाळून त्याची जात ओळखावी लागते. पाच-सहा व्हॉल्व्हांच्या यंत्रातही एवढी यातायात, तर हजारो व्हॉल्व्ह एकत्र जोडण्याचे धाडस कोण करणार? ते एका गवंड्याच्या मुलाने केले.

थॉमस हेरल्ड फ्लॉवर्स यांचा जन्म २२ डिसेंबर १९०५ रोजी पूर्व लंडनमधील पॉप्लर ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. धाकटी बहीण झाल्याची वार्ता ऐकून, हिच्यापेक्षा मेकॅनोचा संच मिळाला असता तर बरे, असे छोट्या टॉमीला वाटले! वुलविच येथील शस्त्रागारात उमेदवारी करीत असताना रात्रीच्या वर्गांना जाऊन त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविली. १९२६ साली ते ब्रिटिश टपाल खात्याच्या दूरसंचार शाखेत लागले व पुढे डॉलिस हिल येथील संशोधनशाळेत आले.

टेलिफोनच्या यंत्रणेत व्हॉल्व्ह वापरताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. व्हॉल्व्ह जळतो तो बहुधा चालू-बंद करताना. तार एकदम तापते, पुन्हा निवते आणि ह्या ताणानेच ती खचते. यंत्र अहोरात्र चालू ठेवले व तारेला दाब किंचित कमी दिला, तर तोच व्हॉल्व्ह दीर्घकाळ टिकतो. गोष्ट साधी, पण त्या काळी ती फार थोड्यांना ठाऊक होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापतींचे गुप्त संदेश लॉरेन्झ नावाच्या यंत्राने कूटबद्ध होत. ब्लेचली पार्क येथील गणिती ते उकलण्यासाठी झटत होते. त्यांच्या यंत्रात कागदाच्या दोन फिती एकाच गतीने धावाव्या लागत. त्या वारंवार तुटत व त्यांचा मेळ बिघडे. फ्लॉवर्स यांनी एक फीत काढून टाकून तिचे काम व्हॉल्व्हांकडे सोपविण्याची योजना मांडली. त्यासाठी दीड हजारांवर व्हॉल्व्ह लागणार होते. इतके व्हॉल्व्ह एका वेळी धड चालतील, ह्यावर जाणत्यांचा विश्वास बसेना. पाठिंबा तोकडा पडला तेव्हा फ्लॉवर्स यांनी पदरचे पैसे घातले व सहकाऱ्यांसह रात्रंदिवस खपून अकरा महिन्यांत यंत्र उभे केले. त्याचे नाव कोलॉसस. जानेवारी १९४४ मध्ये ते ब्लेचलीला पोहोचले. सेकंदाला ५,००० अक्षरे वाचणारे ते यंत्र बंद न करता चालू ठेवले जाई, आणि व्हॉल्व्ह टिकले! सुमारे २,४०० व्हॉल्व्हांचे दुसरे यंत्र १ जून १९४४ रोजी सुरू झाले. पाचच दिवसांनी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे चालू होती.

युद्ध सरले आणि गुप्ततेचा हुकूम सुटला. यंत्रे बहुतेक मोडण्यात आली. फ्लॉवर्स यांना आपले आराखडे स्वतःच्या हाताने भट्टीत टाकावे लागले. बक्षीस म्हणून १,००० पौंड मिळाले, तेही त्यांनी घातलेल्या पैशांहून कमीच. पुढे तसेच एक यंत्र बांधण्यासाठी त्यांनी कर्ज मागितले, तेव्हा असे यंत्र चालणारच नाही म्हणून ते नाकारले गेले. आपण ते आधीच चालवून दाखविले आहे, हे सांगण्याची त्यांना मुभा नव्हती! त्यांनी शब्द पाळला. घरच्यांनाही त्या कामाची खरी माहिती त्यांनी दिली नाही.

१९७० नंतरच्या दशकात हे रहस्य उघड होऊ लागले. १९९३ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, फ्लॉवर्स यांनी एका महाविद्यालयात संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळविले. त्याच सुमारास टोनी सेल यांनी कोलॉसस पुन्हा बांधावयास घेतले. हाताशी होती आठ छायाचित्रे, नियम मोडून कोणी जपलेले काही नकाशे आणि वृद्ध अभियंत्यांच्या आठवणी. ह्या आधारावर एकेक व्हॉल्व्ह आपल्या जागी बसविला गेला. १९९६ साली ते यंत्र ब्लेचली पार्क येथे सुरू झाले. तेव्हा नव्वदीचे फ्लॉवर्स तेथे उपस्थित होते. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.