फोटो पाठवला, पण नाव नाही सांगितलं!

मागच्या सेमला आपल्या नवलाख उंबऱ्याच्या ग्राउंडवर क्रिकेट खेळताना माझ्या रूममेटचा हात मोडला. तळेगावला नेऊन एक्स-रे काढला. घरच्यांना दाखवायला म्हणून मी फिल्मचा मोबाइलवर फोटो काढला आणि घाईघाईत तो हॉस्टेलच्या ग्रुपवरही टाकला. कोपऱ्यात त्याचं पूर्ण नाव, वय, सगळं छापलेलं! रात्रीपर्यंत तो फोटो कुठेकुठे फिरला, देव जाणे. पठ्ठ्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत मी एक्स-रे शोधणाऱ्या माणसाबद्दल वाचलं.

विल्हेल्म रॉन्टजेनचा जन्म २७ मार्च १८४५ चा, जर्मनीतल्या लेनेप गावचा. वडील कापडाचे व्यापारी. बालपण हॉलंडमध्ये गेलं. उट्रेक्टच्या शाळेत कोणीतरी सरांचं व्यंगचित्र काढलं आणि सापडला विल्हेल्म. चित्र कोणाचं, हे त्याने सांगितलंच नाही, असं त्याचे चरित्रकार लिहितात. शाळेने त्यालाच काढून टाकलं! शाळेचं प्रमाणपत्र नाही, म्हणून युनिव्हर्सिटीत रीतसर प्रवेश नाही. शेवटी झुरिकच्या पॉलिटेक्निकने त्याला घेतलं. मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर टाइट करा, तो तुमच्याच ब्रँचचा! १८६८ मध्ये डिप्लोमा आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरेट.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी वुर्झबर्गच्या लॅबमध्ये तो काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज सोडत होता. अंधारात जवळचा रसायन लावलेला पडदा अचानक चमकला. पुठ्ठ्यातून काहीतरी आरपार जात होतं! पुढचे काही आठवडे तो लॅबमधून जवळजवळ हललाच नाही. २२ डिसेंबरला त्याने पत्नी बर्थाचा हात फोटोच्या प्लेटवर ठेवला. हाडं दिसली, बोटातली अंगठीसुद्धा दिसली. किरण कसले ते ठाऊक नाही, म्हणून नाव एक्स. आपण त्यालाच क्ष-किरण म्हणतो.

१ जानेवारी १८९६ ला त्याने आपल्या लेखाच्या छापील प्रती आणि सोबत फोटो असे लिफाफे ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवले. व्हिएन्नातून बातमी पेपरात गेली आणि फेब्रुवारी संपायच्या आत डॉक्टर मोडलेली हाडं पाहू लागले. त्याने पेटंट घेतलं नाही. १९०१ चं फिजिक्सचं पहिलं नोबेल त्याला मिळालं, तेव्हा बक्षिसाची रक्कमही त्याने युनिव्हर्सिटीला देऊन टाकली.

आज तेच लिफाफे नेटवरून जातात. त्यासाठी डायकॉम नावाचं स्टँडर्ड आहे, १९९३ पासूनचं. कुठल्याही कंपनीच्या मशिनवर काढलेला सीटी स्कॅन दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला उघडता येतो, तो त्याच्यामुळे. पण त्या फाइलमध्ये फोटोबरोबर पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल हे सगळं असतं. उपचारासाठी ते हवंच, नाहीतर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जायचा! मात्र कॉम्प्युटरला टीबी ओळखायला शिकवायचं, तर छातीचे हजारो एक्स-रे लागतात. तिथे फोटो द्यायचा, नाव काढून घ्यायचं. नुसती नावाची ओळ पुसून भागत नाही. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली अक्षरंही पुसावी लागतात. डोक्याच्या स्कॅनवरून तर चेहराही परत तयार करता येतो. बर्थाची अंगठी आठवा ना!

म्हणजे रॉन्टजेनच्या दोन गोष्टी एकत्र केल्या की आपलं काम झालं. शाळेत नाव सांगितलं नाही, मोठेपणी फोटो लपवला नाही. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये आतड्याच्या कॅन्सरने तो गेला. त्याची खासगी पत्रं आणि कागद त्याच्याच इच्छेप्रमाणे नष्ट करण्यात आले. जगाचं ते जगाला दिलं, स्वतःचं ते स्वतःपाशी ठेवलं.

फायनल इयरला मेडिकल इमेजेसवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांनो, मॉडेल नंतर ट्रेन करा, नावं आधी काढा.

माझ्या रूममेटचं प्लास्टर निघालं. आता बोलतोही. हा लेख त्याला दाखवूनच दिलाय. त्याचं नाव? अजिबात सांगणार नाही!