खोडदच्या दुर्बिणी ज्याच्या नावाचं माप वापरतात, त्या जान्स्कीनं एका तिरक्या रेघेवरून आकाशगंगा पकडली होती

पुणे-नाशिक हायवेवरून नारायणगावला आलात आणि तिथून खोडदच्या रस्त्याला लागलात की शेतांच्या पलीकडं तारांच्या जाळीच्या अजस्र थाळ्या दिसतात. ही जीएमआरटी, म्हणजे 30 रेडिओ दुर्बिणींचा संच. एकेक थाळी 45 मीटर व्यासाची. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इथं ज्या एककात मोजतात, त्याचं नाव आहे जान्स्की.

आता हा जान्स्की कोण?

कार्ल जान्स्कीचा जन्म 22 ऑक्टोबर 1905 चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा. वडील इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. पोरगं विस्कॉन्सिन विद्यापीठातून फिजिक्स शिकलं आणि 1928 साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये नोकरीला लागलं. किडनीचं दुखणं मात्र तरुणपणापासूनच मागं लागलेलं.

त्या काळात अटलांटिक महासागराच्या पलीकडं रेडिओवरून फोन लावले जायचे आणि त्यात प्रचंड खरखर यायची. ती येते कुठून, हे शोधायचं काम जान्स्कीकडं आलं. त्यानं न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या माळावर सुमारे 30 मीटर लांबीचा अँटेना उभा केला आणि त्याला फोर्ड गाडीची चाकं लावली. 20 मिनिटांत एक गोल चक्कर. लोक त्याला गमतीनं जान्स्कीचा पाळणा म्हणायचे.

खरखर तीन प्रकारची निघाली. एक जवळच्या विजांची, दुसरी लांबच्या विजांची. तिसरी मात्र बारीक, सलग आणि कुठल्याच वादळाशी न जुळणारी होती. हिवाळ्यात ती सूर्याच्या दिशेनं येतेय असं दिसलं, म्हणून आधी संशय सूर्यावरच गेला.

इथं आपलं शाळेतलं बीजगणित कामाला येतं.

समजा, तुम्ही एक आलेख काढताय. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर ती खरखर बरोबर दक्षिणेला येण्याची वेळ. सूर्य रोज साधारण दुपारी बारालाच दक्षिणेला येतो. म्हणजे खरखर सूर्याची असेल, तर सगळे बिंदू एका आडव्या रेघेत बसायला हवेत. दिवस वाढले तरी वेळ तीच. अशा रेघेचा चढ शून्य.

पण जान्स्कीची खरखर जागेवर थांबेना. ती हळूहळू सूर्याच्या पुढं सरकत राहिली. हिशेबाला सोपं जावं म्हणून पहिला दिवस दुपारी 12 चा धरू, म्हणजे मध्यरात्रीपासून 720 मिनिटं. 30 दिवसांनी तीच खरखर सकाळी 10 ला, म्हणजे 600 मिनिटांवर. आता चढ काढायचा, तर उभ्या अक्षावरचा बदल भागिले आडव्या अक्षावरचा बदल. उणे 120 भागिले 30, म्हणजे उणे 4. समीकरण झालं, वेळ = 720 − 4 × दिवस. 60 व्या दिवशी काय होईल? 480 मिनिटं, सकाळचे 8.

यातला 720 फक्त सुरुवात कुठून झाली ते सांगतो. रोज काय बदलतंय, ते उणे 4 सांगतो. एकाच दिवसाकडं पाहिलं असतं तर सूर्यच गुन्हेगार ठरला असता.

आणि रोजची 4 मिनिटं म्हणजे नेमकी ताऱ्यांची चाल. पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी 23 तास 56 मिनिटांत पूर्ण करते. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही थोडी पुढं गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी 4 मिनिटं फिरावं लागतं. तारे त्यासाठी थांबत नाहीत. वर्षभरात ही 4-4 मिनिटं साठून पूर्ण 24 तास होतात. जान्स्कीची खरखरही वर्षभरानं पुन्हा पहिल्या जागी आली.

खगोलशास्त्र जाणणाऱ्या स्केलेट या सहकाऱ्याची मदत झाली आणि उलगडा झाला. खरखर सूर्यमालेच्या बाहेरून येत होती, धनू राशीच्या बाजूनं, आकाशगंगेच्या मध्याकडून. एप्रिल 1933 मध्ये त्यानं हे जाहीर केलं. 5 मे ला ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलं.

पुढं मोठी थाळी उभारून शोध चालू ठेवायची त्याची इच्छा होती. पण कंपनीच्या फोनच्या कामाला त्याचा उपयोग नव्हता. जान्स्कीला दुसऱ्या कामांवर लावलं गेलं. त्याचा धागा पकडला ग्रोट रीबर या हौशी इंजिनिअरनं, 1937 मध्ये स्वतःच्या घरामागं थाळी बांधून.

14 फेब्रुवारी 1950 ला जान्स्की गेला. वय अवघं 44. नोबेल मिळालं नाही. 1973 मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेनं रेडिओ सिग्नलच्या एककाला त्याचं नाव दिलं. खोडदला पकडले जाणारे सिग्नल इतके क्षीण असतात, की तिथं पूर्ण जान्स्कीसुद्धा मोठा ठरतो. मोजमाप बऱ्याचदा त्याच्या हजाराव्या नाहीतर दशलक्षाव्या भागात चालतं.