पंडिता रमाबाई : पेरणी आणि पीक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बालविधवेला तिच्या दुःखाचे कारण सांगावयाचे झाले, तर ते तिच्याच पदरात टाकले जाई. मागल्या जन्मी तिच्या हातून काही पातक घडले असेल, त्याचे फळ ती या जन्मी भोगते आहे, एवढे म्हटले की आप्तांचीही सुटका होई आणि समाजाचीही. कर्म आणि कर्मफळ यांची ही सोयीची मांडणी ज्या स्त्रीने आपल्या आयुष्याने मोडून काढली, ती म्हणजे पंडिता रमाबाई. कर्म करणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा असे जगात पदोपदी घडते, आणि ते कर्म करणारे बहुधा आपल्यातच नांदत असतात, हे त्यांनी फार लवकर ओळखले. पुढे ख्रिस्ती धर्माच्या आश्रयाला गेल्यावर निष्ठा, कृपा आणि आशीर्वाद या शब्दांना त्यांच्या चरित्रात जो अर्थ आला, तो याच ओळखीतून आला.

रमाबाईंच्या आयुष्याची पेरणी त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी झाली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करीत होते. गुरूंबरोबर दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात गेले असता तेथील राणीच्या मुखातून संस्कृत श्लोक त्यांच्या कानी पडले. स्त्रीच्या तोंडी देववाणी ऐकून त्या तरुण ब्राह्मणाच्या मनात आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवावे, असा संकल्प उभा राहिला. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. पुढे ती वारल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गोदावरीकाठी भेटलेल्या एका यात्रेकरू ब्राह्मणाची नऊ वर्षांची मुलगी त्यांनी केली. तिचे नाव लक्ष्मीबाई. एका लहान मुलीचे असे प्रौढाशी लग्न लागावे यात त्या काळास वावगे वाटले नाही. वावगे वाटले ते तिला शिकविण्यात. भाऊबंदांनी आक्षेप घेतला, उडुपीच्या पंडितसभेपुढे शास्त्रीबुवांना आपली बाजू मांडावी लागली. शास्त्राधारे त्यांनी ती मांडली आणि मग पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन आश्रम वसविला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात विद्यार्थी होते, यात्रेकरूंचा राबता होता, आणि आतिथ्याला हिशेब नव्हता. त्यामुळे कर्ज झाले व जमीन गेली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना अरण्याबाहेर आणले गेले, आणि या कुटुंबाची कायमची भ्रमंती सुरू झाली. तीर्थक्षेत्री देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, श्रोत्यांनी ठेवलेल्या दक्षिणेवर गुजराण करावी, मग पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालला. वडील थकले होते. म्हणून रमेला शिकविण्याचे काम आईने हाती घेतले. बाजीरावाच्या वाड्यात पडलेले बी लक्ष्मीबाईंच्या हातून लेकीच्या ठायी रुजले. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीने मुखोद्गत केले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास लोक येईनात. साठविलेले किडूकमिडूक संपले. भीक मागावयाची सवय नाही आणि अंगमेहनतीचे काम येत नाही, अशा स्थितीत हे विद्वान कुटुंब उपाशी पडले. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मागोमाग थोरली बहीणही गेली. आईला खांदा देण्यासाठी पुरेशी माणसे मिळाली नाहीत. तेव्हा भाऊ श्रीनिवास व दोन ब्राह्मण यांच्याबरोबर चौथी जागा रमाबाईंनी घेतली. उंची कमी असल्यामुळे तिरडीची बाजू त्यांनी डोक्यावर धरली. त्या दिवसांची भूक रमाबाई कधी विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी जे केले, त्याचा उगम ग्रंथांत शोधण्यापेक्षा या भुकेत शोधणे अधिक योग्य ठरेल.

बहीण-भाऊ पायी उत्तरेकडे निघाले आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आशीर्वादाचा वर्षाव व्हावा तसा हा काळ होता; पण तो फार टिकला नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई स्वतः विधवा झाल्या. ज्यांच्याविषयी त्या व्याख्याने देत होत्या, त्यांच्याच पंगतीत येऊन बसल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांच्या पाठिंब्याने आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कानांच्या दोषामुळे ते शिक्षण शक्य झाले नाही. मात्र वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहत असताना त्यांनी एक गोष्ट पाहिली. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले, अशा स्त्रियांना त्या भगिनी जवळ करीत होत्या, आणि त्यांच्या भूतकाळाचा झाडा घेत नव्हत्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा रमाबाईंच्या मनाला भिडली ती याच ठिकाणी. विहिरीवर एकटी आलेली, पाच नवरे झालेली ती स्त्री. येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या मूळ तत्त्वाविषयी बोलतो. पूर्वकर्माचे ओझे उतरवून माणसाला पुन्हा उभे करणारी ही कृपा रमाबाईंना आपल्या शास्त्रवाचनात आढळली नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही धर्मगुरूंपुढे बुद्धी गहाण टाकावयास त्या तयार झाल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या वाद घालीत, आणि शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले. दहा वर्षे मदत मिळावयाची होती आणि शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाची होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ च्या मार्च महिन्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्याच आनंदीबाई कर्वे झाल्या.

रमाबाईंच्या निष्ठेची खरी कसोटी याच वर्षी लागली. रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह त्या बायबल वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या, आणि काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला. पुण्यात गहजब झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. वर्गात आपण धर्म शिकवीत नाही, तेव्हा दिलेला शब्द मोडलेला नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता. पण देवापुढे गुडघे टेकणे ही लपविण्याची गोष्ट नव्हे, असे त्या मानीत. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या.

या प्रकरणाचा निवाडा एका बाजूने करता येत नाही. आईवडिलांनी ज्या विश्वासाने मुली सोपविल्या होत्या, तोही विश्वासच होता. ज्या मुलीला जगात प्रथमच कुणी मायेने जवळ घेतले, तिला त्या मायेच्या माणसाचा देव आपलासा वाटावा, हे स्वाभाविक आहे. अशा निवडीला पूर्ण स्वतंत्र म्हणणे अवघड आहे. रमाबाईंनी शब्दाचे अक्षर पाळले, परंतु दिलेल्या शब्दातून पालकांनी जो अर्थ घेतला होता तो पाळला गेला काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्या उघड्या दाराची किंमत केवळ रमाबाईंनी मोजली नाही. परत नेलेल्या मुलींपैकी कित्येकींचे शिक्षण त्या दिवशी थांबले. कर्म करणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा, हा न्याय येथे खुद्द रमाबाईंच्या कर्मालाही लागू पडला. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावयास हवे की, गोदूबाई सदनातून हिंदू म्हणूनच बाहेर पडल्या, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जी संस्था काढली, तिच्या उभारणीत या सदनाचा अनुभव घरातूनच उपलब्ध झाला. पेरणाऱ्याने कल्पिले नव्हते अशा वाफ्यातही पीक आले.

सुशिक्षित समाजाने पाठ फिरविली तेव्हा रमाबाईंपुढे दुसरी दारे उघडली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईची तिरडी डोक्यावर घेतलेली ती मुलगी त्यांच्या मनात जागी झाली. त्या स्वतः दुष्काळी भागात फिरल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग सुरू असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. म्हणून पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावच्या माळरानावर तंबू ठोकले गेले. फळबागेसाठी घेतलेली ती जमीन 'मुक्ती' झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली. मुली विणकाम, तेलघाणा, दुग्धव्यवसाय, छपाई शिकल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. सल्लागार मंडळाच्या काळात जात हा प्रवेशाचा अलिखित निकष होता. भुकेने तो पुसून टाकला. अनंतशास्त्र्यांना ज्या आतिथ्याने कर्जबाजारी केले, तेच आतिथ्य कन्येच्या हातून हजारपट होऊन परत आले. वडिलांनी हिशेब ठेवला नव्हता. कन्येने मात्र आलेल्या प्रत्येक देणगीचा हिशेब चोख ठेवला. मालकाने सोपविलेल्या द्रव्याची वाढ करून दाखविणाऱ्या विश्वासू चाकराचा जो दृष्टान्त शुभवर्तमानात आहे, त्याची येथे आठवण होते. आशीर्वाद हा उपभोगाचा विषय नसून ती ठेव आहे, हे त्या दृष्टान्ताचे मर्म रमाबाईंनी आचरणात उतरविले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक प्रचंड काम अंगावर घेतले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यास त्यांनी आरंभ केला. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला ते उमगत नाही, असे त्यांचे मत होते. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले, तिने आपल्या संस्कृत विद्येला बाजूस सारून अल्पशिक्षित बायकांच्या मराठीत लिहावे, याहून मोठा त्याग पंडिताला कोणता? अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. हे भाषांतर घरोघर गेले नाही, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासानेही त्याची फारशी दखल घेतली नाही.

मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. तिने पदवी घेतली, शारदा सदन सांभाळले. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्याला मुक्तीच्या वतीने मुलींची शाळा निघाली, तिच्यामागेही मनोरमेचे श्रम होते. परंतु त्या श्रमांनी तिची प्रकृती ढासळली आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीत, ती गेली. आईच्या निष्ठेचा भार मुलीने जन्मभर वाहिला होता. रमाबाईंनी हा घाव निमूटपणे सोसला आणि भाषांतराची उरलेली मुद्रिते तपासावयास घेतली. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

१९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पण रमाबाईंचे खरे स्मारक केडगावच्या माळावर आहे, जेथे त्यांची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांना आसरा देते. धर्मांतरामुळे एका समाजाने त्यांना दूर लोटले, आणि स्वतंत्र बुद्धीमुळे दुसऱ्यालाही त्या पुरत्या आपल्या वाटल्या नाहीत. त्यांच्या निर्णयांचा कडूपणा इतरांच्याही वाट्याला आला, हे नाकारता येत नाही. मात्र दुःखी माणसाकडे बोट दाखवून हे तुझ्याच कर्माचे फळ, असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी कधी घेतला नाही. दारात आलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी तिचे पूर्वकर्म विचारले नाही. ती जेवली आहे की नाही, एवढेच विचारले.