दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेदजी टाटा (२७ ऑगस्ट, १८५९ – ३ जून, १९३२) हे भारतीय उद्योजक, दानशूर व्यक्ती आणि भारतातील ऑलिंपिक चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. जमशेदपूरचा पोलाद कारखाना व खोपोलीचे जलविद्युत केंद्र यांच्याशी त्यांचे नाव सहसा जोडले जाते. मात्र १९१९ साली पुण्यात अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण धावपटूंची वेळ पाहून त्यांना ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना ज्यांनी मांडली ते दोराबजीच होते, ही गोष्ट त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते.

बालपण व शिक्षण

दोराबजी हे जमशेदजी टाटा व हिराबाई यांचे थोरले पुत्र. जन्म मुंबईचा. प्रारंभीचे शिक्षण मुंबईत घेतल्यावर १८७५ साली ते इंग्लंडला गेले आणि १८७७ मध्ये केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. तेथे क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी नाव मिळवले. १८७९ मध्ये ते परतले व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ साली पदवीधर झाले. पुढील दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केले. १८८४ मध्ये वडिलांच्या पेढीतील कापूस विभागात त्यांचा प्रवेश झाला. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी कामाचे धडे घेतले.

खेळाची जी गोडी इंग्लंडमध्ये लागली ती मुंबईत परतल्यावर सुटली नाही. शालेय विद्यार्थ्यांच्या मैदानी स्पर्धा, पारशी जिमखाना, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब अशा अनेक उपक्रमांना त्यांनी हातभार लावला. त्यांच्या पत्नी मेहेरबाई (माहेरच्या भाभा) याही उत्तम टेनिसपटू होत्या आणि साडी नेसूनच मैदानात उतरत. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या त्या आत्या.

उद्योग

लोहखनिजाच्या शोधार्थ १९०३ च्या सुमारास दोराबजी भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड यांच्यासह चांदा (आताचे चंद्रपूर) जिल्ह्याच्या जंगलात हिंडले. तेथे खनिज होते. पण कारखान्याला पुरेल असा साठा व जोडीला योग्य कोळसा मिळेना. शोध थांबवत असल्याचे सरकारला कळवण्यासाठी ते नागपूरच्या सचिवालयात गेले. तेथे वाट पाहावी लागली म्हणून समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले असता मध्य प्रांताच्या एका भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्याजवळ लोहखनिज दाखवणारा गडद रंग त्यांना दिसला आणि शोध पुन्हा सुरू झाला. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या सूचनेवरून मयूरभंजकडे लक्ष वळले व कारखाना साकची (जमशेदपूर) येथे उभा राहिला.

१९०४ मध्ये जमशेदजींचे निधन झाले. पोलाद, जलविद्युत व विज्ञान संस्था ही त्यांची तिन्ही स्वप्ने तेव्हा कागदावरच होती. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. लंडनमध्ये भांडवल मिळेना तेव्हा मुंबईत भागविक्री काढण्यात आली आणि सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत ती पूर्ण केली. १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. लोणावळ्याच्या डोंगरात पावसाचे पाणी अडवून खोपोलीला निर्माण केलेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्थाही याच काळात सुरू झाली. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' ही पदवी मिळाली.

डेक्कन जिमखान्याची शर्यत

पुण्यातील डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद दोराबजींकडे होते. १९१९ च्या क्रीडास्पर्धांची अखेर लांब पल्ल्याच्या शर्यतीने करावी, असे संयोजकांनी ठरवले व तिला मॅरेथॉन हे नाव दिले. दोराबजी स्पर्धा पाहण्यास गेले तेव्हा त्यांना दिसले ते असे : बहुतेक स्पर्धक शेतकरी कुटुंबांतील, पायात काही नाही, शास्त्रशुद्ध सराव नाही, धावमार्गाची आखणीही ओबडधोबड. युरोपात स्पर्धांसाठी कोळशाची राख दाबून तयार केलेला धावमार्ग वापरत. येथे उघडी जमीन होती.

त्या काळच्या एखाद्या प्रतिष्ठित पाहुण्याने कौतुकाने टाळ्या वाजवल्या असत्या आणि बक्षिसे वाटून तो घरी गेला असता. दोराबजींनी धावपटूंच्या वेळांकडे लक्ष दिले. युरोपातील स्पर्धांच्या वेळा त्यांना माहीत होत्या. त्यांच्याशी तुलना करता पुण्याच्या या वेळा फारशा मागे नव्हत्या. योग्य आहार आणि जाणता प्रशिक्षक मिळाल्यास ही मुले जगात उभी राहू शकतील, असे त्यांचे मत झाले. तीन धावपटूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवावे, असा त्यांचा मूळ प्रस्ताव होता. पुण्यातील राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी तो उचलून धरला आणि तिघांऐवजी पूर्ण संघच पाठवण्याचे ठरले.

उत्साह पुष्कळ होता, माहिती मात्र बेताची. शंभर मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये किती वेळात संपते, असा प्रश्न निघाला तेव्हा कोणीतरी एक-दोन मिनिटे असे उत्तर दिले आणि तेथे सेकंदाचाही दहावा भाग मोजतात हे ऐकून ते गृहस्थ चकित झाले, असा प्रसंग सांगितला जातो. यात हसण्यासारखे फारसे काही नाही. हे सारे नवे होते. भारतात ऑलिंपिक संघटना नव्हती आणि देशाच्या नावाने संघ कधी गेलेला नव्हता. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन पदके मिळवली होती, पण त्यामागे येथील कोणत्याही संघटनेचा निर्णय नव्हता.

अँटवर्प, १९२०

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेशी पत्रव्यवहार झाला व भारताला प्रवेश मिळाला. पुण्यात निवड-चाचण्या झाल्या. पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकिणी हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल निवडले गेले. सरकार व जनता यांच्याकडून काही रक्कम जमली. दोराबजींनी स्वतःच्या खिशातून मोठी भर घातली. संघाने प्रथम इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव केला.

मॅरेथॉन २२ ऑगस्ट रोजी पावसाळी हवेत झाली. तिचा मार्ग ४२.७५ कि.मी. होता, ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. बेळगाव भागातील पाटगुंडी गावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद घेऊन १९ वे आले. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे चार मिनिटे. विशेष बूट, घड्याळे व तयार आहार हाताशी असलेल्या आजच्या हौशी धावपटूंनाही ही गती पेलणे सोपे नाही. चौगुले तेव्हा अठरा वर्षांचे होते. सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. १०,००० मीटरमध्ये चौगुले यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. कुस्तीत शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले.

पदक एकही आले नाही. पण पुण्याच्या मैदानावर दोराबजींनी मनाशी केलेला हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, एवढे चौगुले यांच्या वेळेवरून म्हणता येते.

ऑलिंपिक संघटना

१९२० च्या सुमारास दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी दिल्लीत अखिल भारतीय चाचण्या घेण्यात आल्या. प्रांतोप्रांती स्पर्धा भरवण्याच्या कामी वाय.एम.सी.ए.चे नोहरेन व हॅरी बक यांचे मोठे साहाय्य झाले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. हे पद त्यांनी अल्पकाळच सांभाळले. त्यांच्यानंतर पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले.

पोलाद कारखान्यावरील संकट

पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले, विस्ताराचा खर्च वाढला आणि १९२४ मध्ये कंपनीकडे पगारापुरतेही पैसे उरले नाहीत. त्या वेळी दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली खाजगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. मेहेरबाईंचे दागिनेही त्यात होते. २४५ कॅरटचा जुबिली हिरा त्यांपैकीच. मिळालेल्या कर्जावर कारखाना तरला.

अखेर

१८ जून, १९३१ रोजी मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये निधन झाले. दांपत्याला अपत्य नव्हते. १९३२ साली दोराबजींनी रक्ताच्या रोगांवरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे लेडी टाटा स्मृती न्यास स्थापला. आपली उरलेली सर्व संपत्ती त्यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या, पुढे सर दोराबजी टाटा न्यास म्हणून ओळखल्या गेलेल्या न्यासाला दिली. जुबिली हिराही अखेरीस विकण्यात आला. या न्यासाच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था), १९४१ मध्ये परळचे टाटा स्मृती रुग्णालय आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

न्यास करून झाल्यावर दोराबजी पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी इंग्लंडकडे निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून, १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांची समाधी आहे.