लेखणीवर संसार

सुरत म्हटली की आम्हां मराठी माणसांना शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. मिशनच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांना हेही ठाऊक असेल की, लंडन मिशनच्या सेवकांनी गुजराती नवा करार 1820 च्या सुमारास तेथेच छापला. त्याच सुरतेत 24 ऑगस्ट 1833 रोजी नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद, यांचा जन्म झाला. वडील मुंबईत लहियाचे काम करीत. दुसऱ्यांची कागदपत्रे नकलून त्यांनी मुलाला शिकविले.

नर्मद मुंबईत शाळामास्तर झाले. पण मन कवितेत. 1858 च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि यापुढे केवळ लेखणीवर पोट भरण्याचा निश्चय केला. त्या काळी कवीला एक तर राजाचा आश्रय असे, नाही तर तो उपाशी राही. आपल्याकडील हरिदासांप्रमाणे कथा करून निर्वाह करावा असाही त्यांचा बेत होता, आणि संस्कृत शिकण्यासाठी ते पुण्यासही येऊन राहिले.

पुढे त्यांनी स्वतःच लिहिले, स्वतःच छापवून घेतले, स्वतःच विकले. 1864 साली 'दांडियो' हे पाक्षिक मित्रांच्या साह्याने काढून त्यांनी ढोंगावर व रूढींवर कोरडे ओढले. विधवाविवाहाचा त्यांनी नुसता उपदेश केला नाही, तर 1869 च्या सुमारास एका विधवेशी लग्न केले व जातीचा रोष पत्करला. मात्र आधीची पत्नी घरात असताना हे लग्न झाले, ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे 'नर्मकोश'. आमच्या मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशामागे सरकारचा पैसा व पंडितांचा ताफा होता. नर्मदांनी सुमारे पंचवीस हजार शब्दांचा कोश बहुतांशी एकट्याने रचला व 1873 साली पुरा छापला. मधल्या काळात, 1865 मध्ये, मुंबईचा शेअरबाजार कोसळून अनेक धनिक बुडाले होते. पुस्तकांना आश्रय देणारे हात आखडले आणि नर्मदांच्या डोक्यावर कर्ज चढत गेले.

अखेर 1882 साली, चोवीस वर्षांनी, त्यांना प्रतिज्ञा मोडावी लागली. गोकुळदास तेजपाल यांच्या धर्मादाय संस्थेत त्यांनी नोकरी धरली. ते दुःख त्यांच्या जिवाला फार लागले. 26 फेब्रुवारी 1886 रोजी मुंबईत, बावन्नाव्या वर्षी, ते वारले. 1866 साली लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र लोकांच्या हाती पडले ते 1933 साली, जन्मशताब्दीच्या वेळी.

मग नर्मद हरले काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या सुरतेत ते कर्जात बुडाले, तेथील विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, आणि त्यांचा जन्मदिवस गुजराती भाषेचा दिवस म्हणून पाळला जातो. पण आम्हांला दुसरेच काही सांगायचे आहे. मेल्यावर मान देणे सोपे असते; जिवंतपणी पुस्तक विकत घेणे अवघड. आपल्या मंडळीत गीते रचणारा, चित्रे काढणारा, नाटुकली लिहिणारा एखादा तरुण असेलच. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, त्याचे काम फुकट मागण्याआधी त्याच्या घरी चूल कशी पेटते, हे एकदा विचारून पाहा.