वेणू बाप्पू

मुलांनो, पारशिवनीत रात्री वीज गेली, की आकाशात गुरू ग्रह किती लख्ख दिसतो! गुरूला पुष्कळ चंद्र आहेत. त्या चंद्रांवर हवा आहे का, हे इथे बसून कसे कळणार? वेणू बाप्पूंनी हे काम भारतात सुरू केले.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासला झाला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. शिष्यवृत्ती मिळवून बाप्पू अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९४९ साली त्यांना तिथे एक धूमकेतू सापडला. मोठमोठ्या दुर्बिणी तिथेच होत्या. तरी ते परत आले. १९६० मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. तिथली एक दुर्बीण तर १९१२ साली पुण्याहून आणलेली! मग त्यांनी तमिळनाडूतच कावलूरच्या जंगलात नवी वेधशाळा उभारली.

७ जून १९७२ रोजी गुरूचा गॅनिमीड हा चंद्र एका ताऱ्यासमोरून जाणार होता. आता विचार करा. चंद्रावर हवा नसेल, तर तारा दिवा विझावा तसा एकदम दिसेनासा होईल. हवा असेल, तर हळूहळू मंद होईल. कावलूरच्या नोंदींत हवेची खूण दिसली. ती हवा त्या वेळच्या अंदाजापेक्षा फारच विरळ आहे, हे पुढे अवकाशयानांनी दाखवले. १९७७ साली याच रीतीने युरेनसभोवतीची कडी कळली.

२३४ सेंटिमीटरची दुर्बीण भारतातच बनवायची, हा बाप्पूंचा हट्ट. काम चालू असतानाच १९ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. दुर्बीण १९८६ साली पुरी झाली. तिला त्यांचेच नाव आहे.